प्रयोगशाळा आहेत, उद्योग आहेत, मधला माणूस नाही: गोव्याच्या विज्ञान धोरणाबद्दल

कुळागरकर:

नमस्कार मंडळी,

सावईवेऱ्याला आमचं वाडवडिलांपासूनचं कुळागर आहे. पोफळी, माड, मिरी, अननस आणि वर डोंगराला काजू. अकरा वर्षांपूर्वी मी घराच्या मागच्या अंगाला फळप्रक्रियेचं लहान युनिट टाकलं. आगळ, आमसुलं, फणसपोळी, आंब्याचं साठ, एवढाच माल. सात जणं कामाला, त्यातल्या पाच शेजारपाजारच्या बायका. हे आधीच सांगतो, कारण धोरणाबद्दल जे बोलणार आहे ते याच जागेवरून दिसलेलं आहे.

काजूची बी नीट सुकवली की महिनोन्‌महिने टिकते. बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, मात्र झाडाखाली पडला की दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो. भाटीपर्यंत, म्हणजे दारू गाळायच्या जागेपर्यंत, पोचतो त्याचा रस म्हणजे निरो निघतो, तो एकदा गाळला की हुर्राक होते, पुन्हा गाळली की फेणी होते. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मला अभिमान आहे. पण जिथे जवळ भाटी नाही तिथे बोंडवांचे ढीग कुजतात. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेलं फळ आपण दर वर्षी मातीत घालतो. म्हणून मी त्याचा रस बाटलीत भरायचं मनावर घेतलं. बोंडवाच्या रसात टॅनिन असतं, त्यानं घसा धरतो. साबुदाण्याची खळ घालून रस निवळला की तो दोष जातो, हे मी करून पाहिलं आणि जमलं. मग चाळीस दिवसांनी बाटल्यांची झाकणं उडायला लागली.

तापवताना तापमान कमी पडलं, झाकणात खोट होती, की रसाचा आंबटपणा कमी होता? प्रश्न एवढाच. त्याचं उत्तर मिळवायला मला चौदा महिने लागले. एका कार्यालयानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. एका ठिकाणी सांगितलं की आम्ही मोठेच प्रकल्प घेतो. शेवटी नमुने कुरिअरनं राज्याबाहेरच्या खासगी लॅबला धाडले. तिथून आकड्यांचा कागद आला, पण त्या आकड्यांचं करायचं काय हे सांगणारं कोणी नव्हतं. बोंडू मार्च ते मे एवढाच मिळतो. उत्तर दोन महिने लांबलं की वर्ष हातचं जातं. माझी दोन गेली.

आता दुसरी बाजू बघा. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. एवढ्याशा जागेत दोनापावलला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. एला-जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. ताळगावच्या पठारावर १९८५ पासून विद्यापीठ, झुआरीनगरला २००४ पासून बिट्स, २०१० ची एनआयटी, २०१६ ची आयआयटी. अंटार्क्टिकावरची भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आपल्याच किनाऱ्यावरून निघाली. माणशी एवढं विज्ञान देशात फार थोड्या ठिकाणी असेल. माझ्या घरापासून एला तासाभराच्या आत येतं. तरी माझ्या बाटलीचे आकडे परराज्यातून आणावे लागले.

राज्याची धोरणं मी वाचली आहेत. २०१७ चं स्टार्टअप धोरण, २०२१ चं सुधारित, २०१८ चं आयटी धोरण. भाड्यात सवलत, पगारात सवलत, बीजभांडवल, चिंबलला आयटी पार्क, तुयेंला इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर. वाईट काही नाही. पण सगळं नव्या कंपनीसाठी आणि नव्या जागेसाठी. वेर्ण्यात, कुंकळ्येत, होंड्यात, डिचोलीत जे लहान कारखानदार आधीपासून बसले आहेत आणि एका तांत्रिक प्रश्नाला अडले आहेत, त्यांना प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणारी सोय मला कुठे सापडली नाही.

नेदरलँड्सनं २००४ मध्ये एक प्रयोग केला. लहान उद्योगांसाठी ७,५०० युरोची १०० व्हाउचरं काढली. ती फक्त सार्वजनिक संशोधन संस्थेत किंवा विद्यापीठात स्वतःचा प्रश्न सोडवून घेण्यासाठी वापरायची. अर्ज हजाराच्या वर आले, तेव्हा चिठ्ठ्या टाकून वाटप केलं. त्यामुळे मिळालेले आणि न मिळालेले यांची प्रामाणिक तुलना करता आली. दहातली आठ व्हाउचरं अशा कामावर खर्च झाली जी एरवी झालीच नसती. आयर्लंडनं पुढे ५,००० युरोची अशीच योजना सुरू केली.

आपल्याकडे ५ लाखांचं एक, अशी १०० व्हाउचरं काढली तर ५ कोटी होतात. राज्याचा अर्थसंकल्प २५ हजार कोटींच्या वर आहे. मला वाटतं लहान राज्यानं विज्ञान उभारायला जाऊ नये, ते केंद्रानं इथे आणून ठेवलंच आहे. राज्यानं ते गावातल्या युनिटपर्यंत पोचवावं. तुम्हाला काय वाटतं?

खाडीकाठची:

कुळागरकरबाब, बाटलीचा प्रसंग वाचून जीव तुटला. पण माझा अनुभव थोडा पुढे नेतो. मी बेंगळुरूला सहा वर्षं सेन्सरच्या कंपनीत होते, मग परत आले आणि मैत्रिणीबरोबर पाण्याची क्षारता मोजणारं स्वस्त उपकरण तयार केलं. इथल्या एका इन्क्युबेशन केंद्रानं खूप मदत केली. फातोर्ड्याचं फायर आणि वेर्ण्याचं सिबा या दोन्ही इन्क्युबेशन केंद्रांत मनापासून काम करणारी माणसं आहेत, हे लिहिलंच पाहिजे.

अडलो ते विक्रीला. आमच्या उपकरणाचं गोव्यातलं नैसर्गिक गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खाती. एका खात्याच्या निविदेत तीन वर्षांची उलाढाल आणि आधीच्या पुरवठ्याचा दाखला मागितला होता. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपना या अटींत सूट देता येते, अनामत रक्कमही माफ आहे. पण खालच्या टेबलावर कोणी ती सूट द्यायला धजत नाही, कारण उद्या लेखापरीक्षणात विचारणा झाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. मग जुना पुरवठादार परदेशी यंत्र आणून तिप्पट दरानं विकतो.

मला अनुदान नको होतं. दहा नग विकत घ्या, सहा महिने वापरा, बिघडले तर परत करा, एवढंच हवं होतं. सरकार पहिलं गिऱ्हाईक झालं असतं तर दुसरं आम्ही शोधलं असतं.

भरतीओहोटी:

मी एका केंद्रीय प्रयोगशाळेत उपकरण विभागात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. दाराच्या आतून हे कसं दिसतं ते लिहितो. तक्रार करण्यासाठी नव्हे, कुळागरकरांच्या योजनेतला एक दुवा राहिलाय म्हणून.

क्षमता आहे यात शंका नको. दोनापावलला ‘माया’ हे पाण्याखाली स्वतःहून फिरणारं यान इथल्याच माणसांनी बनवलं. मांडवीच्या तोंडाशी वेरेंला रडारनं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसलं, तेही त्याच संस्थेचं. जी माणसं हे करू शकतात त्यांना झाकण का उडतं हे कळणार नाही असं नाही. निदान कोणाला विचारावं ते तरी नक्की कळेल.

पण दोन लाखांच्या कामाला आणि दोन कोटींच्या कामाला कागद तेवढेच लागतात. करारनामा, संस्थेचा वरखर्च, जीएसटी, बौद्धिक संपदेचं कलम, संचालकांची सही. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंधांवर ठरते. बोंडवाच्या रसाचा निबंध होत नाही, त्यामुळे जो मदत करतो तो रविवारी, स्वतःच्या मनानं करतो. मीही केली आहे. कुडचड्याच्या एका मुलाचा पंपाचा नियंत्रक दुरुस्त करून दिला, तीन संध्याकाळी गेल्या. ती नोंद कुठेच नाही.

दुसरं, प्रश्न कसा विचारायचा हेही एक काम आहे. ‘झाकणं उडतात’ हा प्रश्न शास्त्रज्ञाला कळत नाही आणि ‘तुमचा थर्मल प्रोसेस शेड्यूल काय’ हे उद्योजकाला कळत नाही. शेतीत हे काम करायला विभागीय कृषी कार्यालयं आहेत. शेतकरी पान तोडून घेऊन जातो, अधिकारी बघून रोग सांगतो, नाही कळलं तर एल्याला पाठवतो. लहान उद्योगासाठी असा अधिकारी नाही. नुसती व्हाउचरं छापली तर ती ज्यांना इंग्रजीत प्रस्ताव लिहिता येतो त्यांच्याकडेच जातील. आधी दोन्ही भाषा येणारी बारा माणसं नेमा, तालुक्याला एक. पगार धरून एका पुलाच्या रंगरंगोटीएवढा खर्च होणार नाही.

आणि राज्याची ताकद किती हेही समजून घ्यावं. देश संशोधनावर सकल उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यातला सगळ्या राज्य सरकारांचा मिळून वाटा ७ टक्क्यांच्या आत आहे. पैशाच्या जोरावर गोवा कोणाशी स्पर्धा करू शकत नाही. जवळच्या अंतराच्या जोरावर करू शकतो. इथे शास्त्रज्ञ, मंत्री आणि कारखानदार एकाच जत्रेत भेटतात.

सत्तरीकार:

मी मेळावलीच्या शेजारच्या गावचा. विज्ञानाचा विषय निघाला की आमच्याकडे बोट दाखवलं जातं, म्हणून लिहितो. आयआयटीला आमच्या लोकांनी विरोध केला हे खरं. पण विज्ञान नको असं कोणी म्हटलं नव्हतं. ज्या जमिनीवर आमच्या बागायती आहेत ती पिढ्यान्‌पिढ्या कसूनही आमच्या नावावर नाही, अल्वाराचा, म्हणजे पोर्तुगीज काळात कसायला दिलेल्या जमिनींचा, प्रश्न सुटलेला नाही, आणि अशात दहा लाख चौरस मीटरची आखणी झाली. जानेवारी २०२१ मध्ये पोलीस आणि बायाबापड्या समोरासमोर आल्या. माझी आई त्यात होती. नंतर सरकारनं प्रकल्प मागे घेतला. त्याआधी लोलयेतही तेच झालं होतं. २००७ साली सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, विरोधात सगळा गोवा उठला आणि ३१ डिसेंबरला सरकारला ते रद्द करावे लागले, तोही जमिनीचाच राग होता.

गोव्यात जमीन थोडी आहे आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे. ज्या धोरणाची सुरुवात भूखंडापासून होते ते धोरण इथे भांडणातच अडकणार. कुळागरकरांची योजना मला पटली, कारण तिला एक चौरस मीटरसुद्धा लागत नाही.

खाडीकाठची:

सत्तरीकार, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. तरी एक म्हणते, इमारती लागतातच. एनआयटीची कुंकळ्येची वास्तू २०२४ मध्ये उभी राहिली. माझा धाकटा भाऊ तिथे शिकतो, तिथल्या प्रयोगशाळा बघून मला हेवा वाटला. लोकांना आधी विचारलं, जमिनीचे हक्क आधी निकालात काढले, तर संस्था उभ्या राहतील.

सत्तरीकार:

आधी विचारलं तर. तेच म्हणतोय बाय.

फाईलवाला:

मी लेखा खात्यातून निवृत्त. थोडक्यात लिहितो. योजना चांगली असूनही मरते ती मार्चमध्ये. तरतूद एप्रिलमध्ये होते, मार्गदर्शक सूचना ऑगस्टमध्ये निघतात, अर्ज नोव्हेंबरपर्यंत, छाननी समितीची बैठक फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला पैसे परत. बोंडवाचा हंगाम तर तेव्हा ऐन भरात असतो. म्हणून व्हाउचरचा पैसा खात्याच्या तरतुदीत न ठेवता, वर्ष संपलं तरी परत जाणार नाही अशा वेगळ्या निधीत ठेवा. तीन दरपत्रकांची अट काढा. प्रयोगशाळा एकच असेल तर तीन दरपत्रकं आणणार कुठून? आणि चिठ्ठ्यांची कल्पना सोडू नका. समितीपुढे अर्ज आला की फोन सुरू होतात. मी ते फोन घेतलेले आहेत. पात्रता तपासा आणि पुढे सरळ चिठ्ठी काढा.

कल्पनांची उणीव गोव्याला कधी नव्हती. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखालच्या परिषदेनं २०३५ पर्यंतचा आराखडाच लिहून दिला होता. कमी पडतो तो कल्पना आणि कोषागार यांच्यामधला रस्ता.

बाल्टिककाठ:

मूळ म्हापशाचा, नोकरीमुळे गेली नऊ वर्षं तालिनला आहे. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३ लाख, म्हणजे गोव्याहून कमी. इथली गोष्ट नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. १९९१ मध्ये स्वतंत्र झाले तेव्हा पैसा नव्हता. १९९६ मध्ये शाळांना संगणक आणि इंटरनेट द्यायचा कार्यक्रम काढला. २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या वेगवेगळ्या नोंदी एकमेकांशी बोलतील अशी जोडणी केली, २००२ पासून डिजिटल ओळखपत्र. यातला कुठलाही शोध नोबेलच्या तोडीचा नव्हता. जे होतं ते जोडलं, आणि देश लहान म्हणून लवकर जोडता आलं. स्काइपचं सॉफ्टवेअर इथल्याच मुलांनी लिहिलं, ते त्यानंतर.

पण जपून. एस्टोनिया सार्वभौम देश आहे, कर स्वतः ठरवतो, २००४ पासून युरोपीय संघाचा निधी घेतो. गोव्याच्या हातात यातलं थोडंच आहे. शाळा मात्र गोव्याच्या हातात आहेत, आणि खात्यांच्या नोंदीही.

उसगावचा:

माझे दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, एक विकला, दुसरा गंजला. या धाग्यात सगळे पैसा कुठून आणायचा म्हणतात म्हणून लिहितो. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विकलेल्या खनिजाच्या किमतीतला १० टक्के पैसा कायमच्या निधीत घाला, पुढच्या पिढ्यांसाठी. तो आमच्या डोंगराचा पैसा आहे. त्याचं व्याज आमच्याच पट्ट्यातल्या मुलांच्या शिक्षणाला आणि असल्या संशोधनाला का वापरू नये? माझ्या मुलानं आयटीआय केलं आहे, हात चांगला आहे, यंत्र उघडून जोडतो. त्याला भाटीसाठी तापमान धरून ठेवणारी शेगडी करायची आहे. कोणाला विचारू?

फाईलवाला:

उसगावकरबाब, मुद्दलाला कोणी हात लावू नये आणि महागाई वजा जाता उरेल तेवढंच व्याज मोजावं, या दोन अटींवर मी तुमच्याबरोबर आहे. न्यायालयाचा हेतू पुढच्या पिढीला काही शिल्लक राहावं हा होता. आज चांगलं दिसतं म्हणून एक दार उघडलं की उद्या त्यातून रस्त्याचं डांबरीकरणही आत येतं. म्हणून ५ कोटी आधी साध्या अर्थसंकल्पातूनच मागावेत असं माझं मत.

भरतीओहोटी:

उसगावचा, शेगडीसाठी मला विचारा. मुलाला घेऊन या, व्यक्तिगत निरोप पाठवतो. भाणाखाली, म्हणजे गाळायच्या भांड्याखाली, लाकडाचा जाळ कमीजास्त झाला की फेणीचे ग्राव, म्हणजे तिची तीव्रता, बदलतात, याच्यावर मला फार दिवसांपासून काम करायचं होतं.

कुळागरकर:

सगळ्यांचं देव बरें करूं. मी एक गोष्ट बदलतो. मी व्हाउचर आधी म्हटलं होतं, आता वाटतं तालुक्याचा माणूस आधी. माझा प्रश्न एखाद्यानं नीट शब्दांत मांडून दिला असता तर कदाचित पैसे लागलेच नसते. खाडीकाठचीचा खरेदीचा मुद्दाही याच कागदात हवा. प्रश्न सुटला आणि माल कोणी घेतला नाही तर पुन्हा तेच.

बाटलीचं सांगायचं राहिलं. एका ओळखीच्या प्राध्यापिकेनं शेवटी युनिटवर येऊन थर्मामीटर लावला. आमचा मोठा टोप कडेला नीट तापत होता आणि मधोमध थंड राहत होता. रस ढवळत राहायचं आणि लहान टोप वापरायचा, एवढाच उपाय. वीस मिनिटांत सापडला.

अर्थसंकल्पाआधी सरकार सूचना मागवतं तेव्हा दोन पानी निवेदन द्यायचं ठरवतोय. त्यात मोठी वाक्यं नकोत, खरे अडलेले प्रश्न हवेत. ज्याचा जो आहे तो इथे लिहा. सत्तरीकार, तुमच्याकडच्या बागायतदारांनाही विचारा.

चोडणकार:

मी फारसा लिहिणारा नाही, वाचत होतो. माझा प्रश्न लिहितो.

आमची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली. पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, बांध राखायची, आता कूळ संघटना राखते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं लाकडाची. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. शेकडो वर्षांचं तंत्र आहे, वीज लागत नाही. पण दाराच्या खालच्या फळीला किडा लागतो, कडेनं खेकडे बांध पोखरतात आणि खारं पाणी रात्रीत आत शिरतं. आम्हाला कळतं ते रोप पिवळं पडल्यावर. पेरतो ती एल्याच्या संस्थेनं आमच्याच कोरगूट भातातून निवडून दिलेली गोवा धान जात. मीठ सोसते, पण तिलाही मर्यादा आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. खाऱ्या पाण्यात पंधरा वर्षं टिकेल आणि गावातल्या सुताराला दुरुस्त करता येईल अशी फळी. आणि मानशीच्या आतल्या बाजूला मीठ वाढलं की रात्री माझा मोबाइल वाजेल असं काहीतरी. खाडीकाठची बाय, तुझं यंत्र चिखलात चालतं का? आमच्याकडे तीन मानशी आहेत. संघटनेकडे थोडे पैसे शिल्लक आहेत, दोन नग आम्ही विकत घेऊ. पावसाळ्याआधी ये, तेव्हा बांधावरून चालत जाता येतं.

खाडीकाठची:

चिखलात अजून लावून पाहिलेलं नाही, काका. रविवारी पहिल्या फेरीबोटीनं येते.